सोनेरी पिल्लांचा बाप

लोणावळ्यात मला दोन प्रकारची माणसं ओळखत. ज्यांच्या घरी माझ्या हातून बाळंतपण झालं होतं त्यांच्यासाठी मी नर्सबाई, आणि उरलेल्यांसाठी मासेवाली बाई. नवखा कुणी तर हे ऐकून थेट दारात यायचा आणि सुके बोंबील आहेत का म्हणून विचारायचा. मी त्याला आत बोलवायचे, काचेच्या पेटीसमोर उभा करायचे आणि सांगायचे, हे खायचे नाहीत, बघायचे आहेत. बहुतेक जण दोन मिनिटं बघून निघून जात. एखादा मात्र अर्धा तास तिथून हलत नसे, आणि त्याला मी चहा पाजायचे.

फुशारकी मारते असं वाटेल, तर वाटू दे. घाटमाथ्यावरचं हे गाव, थंडीत खोबरेल तेलाची बाटली शेकून घेतल्याशिवाय तेल निघत नाही, आणि पावसाळ्यात चार महिने अंथरुणसुद्धा दमट. अशा ठिकाणी मी गरम मुलखातल्या खाडीचे मासे जगवले. नुसते जगवले नाहीत, तर ज्या रंगाचा एकच मासा आमच्या बघण्यात होता, त्या रंगाचं अख्खं खानदान उभं केलं. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. त्यात मी एक घोडचूक केली आणि तीही दोनदा केली, ते पुढे सांगणारच आहे.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले होते. पुण्याला जाऊन नर्सिंग शिकले आणि लोणावळ्याच्या दवाखान्यात लागले. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी आत्या राहायचो. आत्या तळेगावची, पक्की सोवळ्यातली. तिच्या चुलीवर कांदासुद्धा कधी चढला नव्हता, मग मासळीचं नाव कशाला. मी गावोगाव बाळंतपणं करून आले की ती मला उंबऱ्याबाहेरच पाय धुवायला लावायची. तिचं ऐकावं लागे, कारण स्वयंपाक तीच करायची.

मुंबईच्या कॉलेजात शिकवणारे एक प्रोफेसर दर उन्हाळ्यात तुंगार्लीच्या बाजूला बंगला भाड्याने घेऊन राहायचे. त्यांच्या मुलीचं बाळंतपण मी केलं. बाळ पायाळू होतं, पण दोघंही सुखरूप सुटली. बाराव्या दिवशी प्रोफेसरांनी मला बोलावलं आणि एक लुगडं पुढे केलं. माझं लक्ष लुगड्याकडे नव्हतंच. बारा दिवस त्या घरात जा-ये करताना मी रोज एका गोष्टीपाशी थांबत होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेली काचेची पेटी होती आणि तिच्यात चार मासे होते, तळहाताच्या निम्म्याएवढे, चपटे आणि गोलसर. प्रोफेसरांनी ते मलबारकडच्या खाडीतून पत्र्याच्या डब्यात घालून आगगाडीने आणले होते. तिघे मळकट पिवळे, कुशीवर काळा डाग. चौथा मात्र हळदीत बुडवून काढावा तसा, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रंग, अंगावर डाग म्हणून नाही.

"हा चुकून झालेला रंग आहे, बाई," प्रोफेसर म्हणाले. "असा दुसरा मी पाहिलेला नाही. हा गेला की संपलं. मेला की स्पिरिटच्या बाटलीत घालून कॉलेजात ठेवणार आहे."

जिवंत माशासमोर उभं राहून त्याच्या मेल्यावरची सोय सांगणारा माणूस मला काही आवडला नाही. माझ्या तोंडाला कधीच कुलूप नसतं. मी म्हणाले, "लुगडं राहू दे. मला हा मासा द्या. याच्या रंगाची पिल्लं मी काढून दाखवते."

ते हसले. मुंबईच्या शिकलेल्या माणसांचं ते एक हसणं असतं, समोरच्याचा अपमान न करता त्याला लहान करणारं. म्हणाले, "माणसांची बाळंतपणं वेगळी, बाई. आमच्याकडे याने दोन वर्षांत काही केलं नाही."

"तुमच्याकडे नसेल केलं," मी म्हणाले.

शेवटी असं ठरलं की सोनेरी आणि डागवाल्यांपैकी एक, अशी जोडी पेटीसकट माझ्याकडे राहील. दोन उन्हाळे मुदत. तेवढ्यात सोनेरी रंगाचं एक जरी पिल्लू दिसलं, तर मासे माझे. नाहीतर सोनेरी परत त्यांच्याकडे, आणि पुढे बाटली. दोघांतला नर कुठला हे प्रोफेसरांनाही ठाऊक नव्हतं. "जी अंडी घालेल ती बायको," ते म्हणाले.

पेटी घरी आली तेव्हा आत्या देवाजवळ वाती वळत होती. तिने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हे शिजवणार आहेस की पुजणार आहेस?"

"पाळणार आहे."

"बाहेरच्या खोलीत," ती म्हणाली आणि पुन्हा वातीला लागली.

बाहेरच्या खोलीतच ठेवली. पाणी विहिरीचं, त्यात मोजून खडेमीठ, कारण हे मासे खाडीचे, नुसत्या गोड्या पाण्यात त्यांची तब्येत नरम पडते. खायला डासांच्या अळ्या. इथे माझी मोठी पंचाईत होती. हिवतापाच्या दिवसांत घरोघर जाऊन पाणी साठवू नका, पिंपं पालथी घाला म्हणून सांगायचं काम माझंच, आणि दवाखान्याच्या मागे कर्दळीच्या आड मी स्वतः एक फुटका रांजण भरून ठेवलेला, अळ्या व्हाव्यात म्हणून. रोज सकाळी फडक्याने गाळून सगळ्या काढून घ्यायचे, एकीलाही पंख फुटू दिले नाहीत. तरी कुणी तिकडे वळलं की मी कर्दळीपुढे जाऊन उभी राहायचे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एका सकाळी बघते तर दोघं मिळून तळाशी ठेवलेलं मंगलोरी कौल तोंडाने घासतायत. दुपारपर्यंत ते लख्ख केलं आणि डागवालीने त्यावर अंडी घातली. राळ्याच्या दाण्यांसारखी, प्रत्येक अंडं कौलाला बारीक देठाने चिकटलेलं. म्हणजे सोनेरी नर ठरला. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यात जाऊन कंपाउंडरला पेढा खायला सांगितलं, पेढा जवळ नसताना.

आता माझी चूक सांगते. मी सुईणपण करणारी बाई. तोवर शेकड्यांनी बाळंतपणं केली असतील, आणि प्रत्येक घरात शिरल्यावर माझं पहिलं वाक्य एकच असायचं, पुरुषमाणसांनी बाहेर व्हायचं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम? तो येरझाऱ्या घालतो, नको ते विचारतो आणि वारा आत आणतो. नवरा असो, सासरा असो, उंबऱ्याबाहेर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे ते तसंच असतं, भात जसा वाफेवर शिजतो तसं. मी सोनेरीला अंड्यांभोवती घिरट्या घालताना बघितलं आणि मनात म्हटलं, तुझं काम झालं, आता निघ. जाळीने त्याला उचलला आणि बाजूच्या घंगाळात सोडला.

मादी दिवसभर पेटीत सैरावैरा फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी कौल कोरं होतं. तिने सगळी अंडी खाल्ली होती.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कैदाशीण हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. पुढच्या मार्चमध्ये तिने पुन्हा अंडी घातली. या वेळी मी जास्त शहाणपणा केला. अंडी घालून होताच नराला काढला, घंगाळ दुसऱ्या खोलीत नेलं आणि बाळंतिणीला शांतता हवी म्हणून पेटीवर माझी शाल पांघरली. तिसऱ्या दिवशी शाल उचलली. अंडी पांढरी पडून बुरसली होती आणि मादी कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती. मी शाल घडी करून ठेवली आणि त्या दिवशी जेवले नाही.

मे महिन्यात प्रोफेसर आले. सोनेरीच्या शेपटीची कड झिजली होती, रंगही जरा उतरला होता. "म्हातारा होतोय," ते म्हणाले. "एक उन्हाळा राहिला, बाई." या वेळी ते हसले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

मग पावसाळा आला, आणि जुलैत मला औंढ्याहून बोलावणं आलं. एक तरुण शेतकरी इरलं पांघरून, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, दवाखान्याच्या दारात उभा. बायकोची पहिली खेप. घरात दुसरी बाई नाही, आई वारलेली. सासू भाजे गावची, पण मधल्या ओढ्याला पाणी आल्यामुळे तिला येता येत नव्हतं. शेजारपाजारच्या सगळ्या भातलावणीला गेलेल्या. आम्ही बांधाबांधाने चालत गेलो. घरात शिरले आणि नेहमीचं वाक्य टाकलं. तो मुकाट्याने गोठ्याकडे जाऊन उभा राहिला.

दुपारी मुलगी झाली. लहानखुरी, आवाज क्षीण. नाळ कापली आणि पोरीला फडक्यात गुंडाळून सुपात ठेवली. पण वार पडेना, आणि आईचं रक्त थांबेना. माझे दोन्ही हात तिच्या पोटावर. दाबून, चोळून मी घामाघूम झाले. बाहेर पाऊस, घरात गारठा. सुपातली पोर रडायची थांबली. मला ते ऐकू येत होतं, म्हणजे तिचं न रडणं ऐकू येत होतं, आणि मी जागची हलू शकत नव्हते. हलले असते तर आई गेली असती.

तेवढ्यात तो आत आला. मी ओरडले, "बाहेर व्हा आधी."

तो थांबला नाही. सुपाजवळ वाकला, अंगरखा वर केला, पोरीला उघड्या छातीशी धरलं आणि वरून घोंगडी ओढून चुलीपुढे बसला.

"बाई, तुमी तिच्याकडं बगा," तो म्हणाला. "हिला मी बगतो. गारठ्यात वासरू झालं तर आसंच धरतो न्हवं आमी."

खूप वेळाने वार पडली, रक्त थांबलं. त्याच्या घोंगडीतून बारीक कुरकुर ऐकू आली आणि मग चांगली सणसणीत रड. तो तिथेच बसून होता. पोरीच्या पाठीवर हाताने सारखा हलका हलका वारा घालावा तसं करत होता. का, ते त्यालाही माहीत नसावं. दिवेलागणीपर्यंत तो उठला नाही.

मला रडू आलं. मी काही रडकी बाई नाही, पण आलं. ओरडले त्याची लाज वाटत होती. त्याने माझं ऐकलं असतं तर ती पोर गेली असती, आणि मी वहीत एक रेघ मारून घरी आले असते. परत येताना चिखलात पाय रुतत होते आणि माझ्या डोक्यात त्या हाताचं हलणं चाललं होतं. निम्म्या वाटेवर मी थांबले. अंड्यांभोवती घिरट्या घालणारा सोनेरी आठवला. घिरट्या कसल्या, तो अंड्यांवर परांनी पाणी हलवत होता. मीच त्याला दोनदा घराबाहेर काढला होता.

ऑक्टोबरात तिसऱ्यांदा अंडी झाली. जाळी मी मुद्दाम आत्याच्या फडताळात ठेवायला दिली, हात शिवशिवू नयेत म्हणून. पेटीपुढे पाट टाकून बसले. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांसमोर उभे राहत. एक दमला की दुसरा येई, आणि दुसरा आल्याशिवाय पहिला जागा सोडत नसे. म्हणजे ती बिचारी एकटी दिवस-रात्र हे करू शकत नव्हती. तिने अंडी खाल्ली कारण तिला दिसत होतं की ही जगणार नाहीत. कैदाशीण मी होते.

पाचव्या दिवशी अंडी फुटली. दोघांनी पिल्लं तोंडात धरून वाळूत उकरलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवली. मी दवाखान्यातून आले तर पेटीच्या काचेला बाहेरून हळदकुंकवाचं बोट लागलेलं आणि खाली पाटावर सुपारी. आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"पाचवी नाही का आज," ती म्हणाली. "सटवी यायची. माशांकडे येते की नाही मला ठाऊक नाही, पण आलीच तर पाट नको?"

त्याच रात्रीपासून थंडी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी तिने आपणहून पेटी स्वयंपाकघरात, चुलीमागच्या भिंतीशी घ्यायला सांगितली. माझा विश्वास बसेना. "कुडकुडतायत गं," एवढंच म्हणाली. माझ्या सोवळ्या आत्याच्या स्वयंपाकघरात मासे गेले, ही या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं आमचे तळेगावचे नातेवाईक अजून म्हणतात.

पिल्लं पोहायला लागली तेव्हा ती बापाच्या अंगाला जाऊन चिकटायची आणि टोचे मारायची. आईच्याही. मला वाटलं, याला खाऊन टाकतात की काय. जाळी मागावी असं दहादा मनात आलं. पण आता मी शहाणी झाले होते. नीट बघितलं तेव्हा कळलं की त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर पिल्लं खातायत. अंगावर पाजणं म्हणतात ते दोघंही करत होते, बापसुद्धा.

तरी मुख्य प्रश्न उरलाच होता. पिल्लं सगळी राखाडी. महिना गेला, दीड महिना गेला. एकेकाच्या कुशीवर काळा डाग उमटायला लागला. रोज सकाळी चूल पेटली की मी डाग मोजायचे. आज आठ, आज तेरा, आज वीस. आत्या म्हणायची, "नको गं मोजूस, जीव खालीवर करतेस." सोनेरी आता तळाशीच असायचा. उन्हाळा जवळ येत होता आणि मला प्रोफेसरांची ती बाटली स्वप्नात दिसायची.

संक्रांतीच्या सुमारास डाग वाढायचे थांबले. काही पिल्लांवर ते आलेच नाहीत. आधी फिकट, मग लिंबासारखी, मग एक दिवस आत्यानेच मला हाक मारली. "ये, बघ. हळद लागलीय."

सतरा होती. मी तीनदा मोजली. मग चुलीसमोर बसले आणि आत्याच्या पदरात तोंड घालून हसले की रडले, मला सांगता येणार नाही. स्वतःचं मूल नसलेल्या बाईने शेकडो मुलं दुसऱ्यांच्या हातात दिली होती. ही सतरा माझी होती.

मे महिन्यात प्रोफेसर आले ते पिशवीत बाटली घेऊनच. ठरल्याप्रमाणे. मी त्यांना पेटीसमोर बसवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बापाला घरात राहू दिलं."

त्यांनी खिशातून वही काढली आणि मी सांगत गेले तसं सगळं लिहून घेतलं. मुंबईचा प्रोफेसर माझ्या पाटावर मांडी घालून माझं म्हणणं लिहून घेतोय आणि आत्या दारात उभी राहून बघतेय, हा दिवस मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. जाताना बाटली ते फडताळावर विसरले. विसरले की ठेवून गेले, कोण जाणे. सोनेरी श्रावणात मेला. त्याला मी बाटलीत घातला नाही. कर्दळीखाली पुरला. बाटलीत आत्याने एरंडेल भरलं.

सतरांपैकी एक जोडी मी वेगळी काढली. "सख्खी भावंडं आहेत," आत्या म्हणाली. मी म्हटलं, त्यांना गोत्र नसतं. त्यांची सगळीच्या सगळी पिल्लं सोनेरी झाली, एकावरही डाग नाही. पुढे वडगावच्या मामलेदारांपासून मुंबईच्या बंगलेवाल्यांपर्यंत अनेकांकडे माझे मासे गेले. देताना प्रत्येकाला एकच गोष्ट बजावून सांगायचे, अंडी झाली की नराला हात लावायचा नाही.

दोन वर्षांनी औंढ्याहून पुन्हा बोलावणं आलं. तेच घर, दुसरी खेप. या वेळी घर बायकांनी भरलेलं होतं. भाज्याची सासू होती, शेजारणी होत्या. मोठी मुलगी अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होती. मी आत शिरले, हात धुतले आणि वळून पाहिलं. तो गडी मला बघताच काही न सांगता, सवयीने, गोठ्याकडे निघाला होता.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"भायेर, बाई," तो म्हणाला. "तुमीच म्हन्ता न्हवं."

सासूने माझ्याकडे बघितलं, शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"हात धुवा," मी त्याला म्हणाले, "आणि आत या."